तुमचे प्रश्न: जुनं ब्रिटिश सायफाय कॉमिक नव्याने छापतात तेव्हा

मागच्या अंकात मी 'ट्रिगन एम्पायर' या जुन्या ब्रिटिश कॉमिकच्या नव्या खंडांबद्दल लिहिलं होतं, रिबेलियन नावाची ऑक्सफर्डची कंपनी २०२० पासून ते काढतेय म्हणून, आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यातच जाणार. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून फक्त गावं दिली आहेत.

"जुनी पानं स्कॅन करायची आणि छापायची, एवढंच तर काम. मग ही पुस्तकं इतकी महाग का असतात?" (ठाणे)

एवढंच काम असतं ना तर मी पण घरी केलं असतं! खरं सांगतो, मलाही आधी असंच वाटायचं, मग एकदा हौस म्हणून माझ्याकडच्या 'ईगल' या जुन्या ब्रिटिश साप्ताहिकाच्या एका अंकाचं एकच पान स्कॅन करून साफ करायला बसलो आणि आख्खा रविवार गेला, तरी त्यातल्या डॅन डेअर या अंतराळवीर नायकाचा चेहरा तांबूसच.

होतं काय की मूळ चित्रं बहुतेक वेळा उरलेलीच नसतात. ही साप्ताहिकं होती, मुलांनी वाचायची, मित्राला द्यायची आणि मग रद्दीत, त्यामुळे कंपन्यांनाही ती चित्रं सांभाळून ठेवावीत असं वाटलं नाही. काही चित्रं संग्राहकांकडे गेली, काही चित्रकारांच्या घरी राहिली, खूपशी गायब. मग उरतो छापलेला अंक, तो पण कोणीतरी पन्नास साठ वर्षं जपून ठेवलेला. तो असतो स्वस्त वर्तमानपत्री कागदावर, पिवळा पडलेला, पलीकडच्या पानाची शाई अलीकडे दिसते, पिनांचा गंज उतरलेला असतो, आणि मधल्या जोडपानावर चित्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग नेमका घडीत. हे सगळं एकेक पान करून काढायचं, आणि काढताना चित्रकाराची बारीक रेघ पण पुसली जाणार नाही हे बघायचं. कागदाचा पिवळेपणा काढायला कॉम्प्युटरवर नुसता कॉन्ट्रास्ट वाढवला की काळा आणखी काळा होतो आणि बारीक हॅचिंग, म्हणजे सावलीसाठी काढलेल्या जवळजवळच्या रेघा, एकमेकांत मिसळून डाग होऊन बसतात, अशी पुस्तकं मी पैसे देऊन घेतली आहेत आणि फार वाईट वाटलंय.

आणि साइज. हे फार लोक लक्षातच घेत नाहीत. १४ एप्रिल १९५० ला 'ईगल' निघाला तेव्हा त्याचं पान आजच्या ए४ पेक्षा मोठं होतं, फोटोग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या रुळांवरून होणारी) छपाई, आणि फ्रँक हॅम्पसनने डॅन डेअरची पहिली दोन पानं त्या आकाराचा विचार करून रचलेली. हा माणूस एकटा नव्हता काढत, साउथपोर्टला एका जुन्या बेकरीत त्याचा स्टुडिओ, तिथे यानांची मॉडेल्स बनवायचे, मंडळींना कपडे चढवून पोझमध्ये उभं करून फोटो काढायचे आणि मग त्यावरून चित्र, म्हणजे दर आठवड्याला दोन पानांसाठी जवळजवळ सिनेमाचं युनिट राबत होतं. सुरुवातीला आर्थर सी. क्लार्क विज्ञान सल्लागार होते. आता हे सगळं तुम्ही आपल्या दिवाळी अंकाच्या आकारात दाबून बसवलं तर काय होणार, यानाच्या पॅनेलवरची बटणं दिसत नाहीत आणि संवादांचे फुगे वाचायला भिंग लागतं. म्हणून मोठ्या आकाराचं पुस्तक काढावं लागतं, मोठा आकार म्हणजे कागद महाग, चार रंग म्हणजे आणखी महाग, आणि प्रती खपणार हजारांत, लाखांत नाही. 'ईगल'चा पहिला अंक नऊ लाखांच्या आसपास खपला होता. तो हिशेब आता राहिलेला नाही.

"मुलाने जज ड्रेडच्या 'केस फाइल्स' वाचायला घेतल्या. 'कर्स्ड अर्थ' कथेत मधले काही भाग नाहीत असं त्याच्या लक्षात आलं. हे प्रकाशकाने गाळले का?" (बोरिवली)

मुलाला शाबासकी द्या माझ्याकडून. बरोबर पकडलंय त्याने. 'केस फाइल्स' म्हणजे ड्रेडच्या गोष्टी क्रमाने एकत्र केलेले खंड.

मागचं थोडं सांगतो. 'टू थाउजंड एडी' हे साप्ताहिक फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालं, पॅट मिल्सने उभं केलेलं, आणि दुसऱ्याच अंकात जज ड्रेड आला, भविष्यातल्या शहरात जागेवरच निकाल देणारा पोलीस, जॉन वॅग्नर आणि स्पॅनिश चित्रकार कार्लोस एझ्केरा या दोघांनी घडवलेला. १९७८ ला 'कर्स्ड अर्थ' आली, २५ आठवडे चालली. ड्रेडला मेगा-सिटी वन मधून दुसऱ्या टोकाच्या मेगा-सिटी टू पर्यंत साथीची लस पोचवायची आहे आणि मधली सगळी अमेरिका अणुयुद्धाने जळून गेलेली. माईक मॅकमहन आणि ब्रायन बोलंड यांची चित्रं, मुख्य लेखन मिल्सचं.

त्या प्रवासात दोन ठिकाणी अमेरिकन कंपन्यांची टर उडवली होती. एका ठिकाणी दोन मोठ्या बर्गर कंपन्यांनी आपापली सैन्यं करून युद्ध पुकारलंय, आणि दुसऱ्या ठिकाणी जाहिरातींमधली ओळखीची पात्रं, भाजीच्या डब्यावरचा हिरवा राक्षस वगैरे, जिवंत होऊन फिरतायत. असे चार भाग. कंपन्यांची नावं, चिन्हं अगदी उघड वापरलेली, त्यामुळे कायद्याची अडचण झाली आणि नंतरच्या कुठल्याही पुस्तकात ते चार भाग छापायचे नाहीत असं ठरलं. मुलाकडची आवृत्ती त्या काळातल्या बंधनातली आहे, म्हणजे प्रकाशकाने आळस केला असं नाही.

गंमत पुढे आहे. ऑक्टोबर २०१४ ला ब्रिटनच्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला सूट मिळाली, आणि त्यानंतर २०१६ ला रिबेलियनने 'अनसेन्सर्ड' आवृत्ती काढली, चारही भाग परत आपल्या जागी. ३८ वर्षांनी! जे लोक १९७८ ला शाळेत होते त्यांची मुलं कॉलेजला गेली तोवर. आणखी एक, मूळ अंकात मधलं जोडपान रंगीत असायचं, ते 'केस फाइल्स'मध्ये काळं-पांढरं आहे, 'अनसेन्सर्ड'मध्ये रंगीत आहे. मॅकमहनचा रंग बघण्यासारखा आहे हो, मातकट आणि भडक एकाच वेळी. परवडत असेल तर मुलाच्या वाढदिवसाला तीच द्या.

"'हॅलो जोन्स' रंगीत घेऊ की मूळची काळी-पांढरी?" (कोथरूड, पुणे)

काळी-पांढरी.

कारण सांगतो. 'हॅलो जोन्स' ही 'टू थाउजंड एडी'मधली हॅलो नावाच्या मुलीची भविष्यातली गोष्ट, चित्रकार इयन गिब्सनने ती १९८४ ते ८६ मध्ये काळ्या शाईसाठीच काढली, अंधार, गर्दी, ओला रस्ता, सगळं रेघांच्या जाडीवर उभं आहे. २०१८ ला बार्बरा नोसेंझोने रंग भरले ते काम चांगलंय, विचार करून केलेलंय, आणि ज्या मुलामुलींनी कधी काळं-पांढरं कॉमिक हातात घेतलेलंच नाही त्यांना या दारातून आत येणं सोपं जातं हे मला मान्य आहे, माझ्या भाचीने रंगीतच वाचली आणि तिला आवडली. पण रंग आला की डोळा रंगाकडे जातो. गिब्सन आपल्याला त्या मुलीच्या पाठीला आलेल्या बाकाकडे बघायला लावत होता. तुम्ही कोथरूडमध्ये मोठे झालेले, काळ्या शाईची चित्रं दिवाळी अंकात बघत वाढलेले असणार, तुम्हाला रंगाचा आधार लागणार नाही.

"आम्ही लीड्सला राहतो. मुलगी दहा वर्षांची. लायब्ररीत डॅन डेअर बघितला पण १९५० ची गोष्ट तिला जुनाट वाटेल का?" (लीड्स, इंग्लंड)

ताई, वाटेल थोडी. पण कुठे जुनाट आणि कुठे नाही हे तिच्याशी बोलत बोलत वाचा. गोष्ट घडते १९९६ ला, म्हणजे तुमच्या मुलीच्या जन्माआधी, आणि त्या काळासाठी ते भविष्य होतं, हेच तिला पहिलं मजेशीर वाटेल. पृथ्वीवर अन्न संपत आलंय म्हणून शुक्रावर यान पाठवायचंय, आणि याआधीची यानं तिथे पोचतानाच फुटली आहेत. आता अन्न का? कारण ब्रिटनमध्ये तेव्हा खरंच रेशनिंग चालू होतं, युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी, १९५४ पर्यंत चाललं. गोळ्या-चॉकलेटं रेशनवर असलेली मुलं ती गोष्ट वाचत होती! हे तिला सांगा, लीड्समध्ये तिच्या शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या पणजी-पणजोबांना ते रेशन आठवत असेल, विचारायला सांगा.

दुसरं म्हणजे प्रोफेसर पीबडी. त्या मोहिमेवर जाणारी शास्त्रज्ञ ही बाई आहे, आणि अंतराळ दलाचे प्रमुख सर ह्युबर्ट आधी नाक मुरडतात, आणि मग गप्प बसतात कारण ती हुशार आहे. १९५० ला, मुलांच्या साप्ताहिकात. तिथे थांबा जरा.

नवीन आवृत्त्या काढणाऱ्यांनी अशा पुस्तकाच्या सुरुवातीला दोन पानं तरी लिहावीत असं माझं ठाम मत आहे, हे कधी छापलं, तेव्हा काय चालू होतं. नाहीतर नवीन वाचक चित्रं बघून "जुनं" म्हणतो आणि पुस्तक परत ठेवतो. आणि जे आज वाचताना खटकतं, परग्रहावरच्या लोकांना एकाच रंगाचे, एकाच स्वभावाचे दाखवणं वगैरे, ते पुसून टाकू नये, आधी सांगावं आणि मूळ तसंच छापावं.

आणि हो, रोज दोन पानंच द्या तिला. हे दर आठवड्याला दोन पानं असं यायचं, त्यामुळे प्रत्येक दुसऱ्या पानाच्या शेवटी काहीतरी लटकवून ठेवलेलं असतं. एका बैठकीत चाळीस पानं वाचली की तीच युक्ती वीस वेळा दिसते आणि कंटाळा येतो, तो दोष गोष्टीचा नाही, आपण खातोय भराभर.

"या पुस्तकांचे पैसे मूळ चित्रकारांना मिळतात का? जुन्या अंकांवर तर नावं पण दिसत नाहीत." (सोलापूर)

तुमच्या पत्राची वाटच बघत होतो असं म्हणा. हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न आहे.

ब्रिटिश साप्ताहिकांमध्ये बहुतेक ठिकाणी नाव छापायचंच नाही अशी पद्धत होती. चित्रकाराने कोपऱ्यात सही केली तर ती पांढऱ्या रंगाने बुजवायचे. 'लायन' साप्ताहिकात १९६५ ला 'द स्पायडर' सुरू झाला, रेग बनची काय ती चित्रं, आणि काही काळ तो लिहीत कोण होता तर जेरी सीगल, म्हणजे सुपरमॅनला जन्म देणाऱ्या दोघांपैकी एक! अंक वाचणाऱ्या मुलाला हे कळायला काही मार्गच नव्हता. 'टू थाउजंड एडी'मध्ये केव्हिन ओ'नील आर्ट विभागात होता, त्याने गोष्टीच्या पहिल्या पानावर छोटी चौकट टाकायला सुरुवात केली, लेखक कोण, चित्रं कोणाची, अक्षरं कोणाची. एवढीशी चौकट. पण त्या चौकटीमुळे मुलं बोलंड आणि मॅकमहन असं नावाने ओळखायला लागली आणि पुढे अमेरिकन प्रकाशक याच नावांना शोधत आले.

पैशाचं विचाराल तर डॉन लॉरेन्सची हकीकत सांगतो, ट्रिगनवाल्याची. १९६५ पासून दर आठवड्याला दोन पानं, रंगात, रोमन चिलखतं आणि यानं एकाच चित्रात, अकरा वर्षं. १९७६ ला लंडनच्या एका कॉमिक संमेलनाला गेला तेव्हा त्याला कळलं की आपलं काम युरोपभर वेगवेगळ्या भाषांत छापलं जातंय, खपतंय, आणि आपल्याला त्यातला एक पैसा नाही. त्याने कंपनीकडे मागणी केली, नकार आला, त्याने काम सोडलं. आणि नेदरलँड्सवाल्यांनी त्याला लगेच घेतलं, तिथे त्याने 'स्टॉर्म' काढलं आणि तिथे त्याला मोठ्या चित्रकाराचा मान मिळाला. ट्रिगनची देखणी बारा खंडांची आवृत्ती पण आधी डच लोकांनीच काढली.

त्यामुळे आज कोणी ही गोष्ट परत छापतो तेव्हा मी आधी कव्हर बघत नाही, आतलं पान उघडतो आणि नावं बघतो. ज्याची चित्रं आहेत त्याचं नाव गोष्टीच्या नावाखाली ठळक आहे का, अक्षरं लिहिणाऱ्याचं आहे का, जिथे खात्री नाही तिथे शोधायचा प्रयत्न केलाय का. कायद्याने हक्क कंपनीचे असतील, पण हात त्या माणसाचे होते. रिबेलियनने हे बऱ्यापैकी मनावर घेतलंय, २०१६ आणि २०१८ ला त्यांनी जुन्या साप्ताहिकांचा प्रचंड साठा विकत घेतला आणि पुस्तकांवर लेखक-चित्रकारांची नावं आता कव्हरवर येतात. लॉरेन्स २००३ ला गेला. त्याने हे खंड बघितले नाहीत.

"मी चेन्नईत नोकरीला आहे. इथे माझ्या वयाचे लोक 'इरुंबुक्कै मायावी'साठी वेडे आहेत, नंतर कळलं हे ब्रिटिश कॉमिक आहे. आपल्या मराठीत असं का झालं नाही?" (चेन्नई)

अहो काय आठवण काढलीत. हा म्हणजे 'स्टील क्लॉ', १९६२ ला 'व्हॅलियंट' साप्ताहिकात आलेला. प्रयोगशाळेतला मदतनीस लुई क्रँडेल, त्याचा उजवा हात जातो, पोलादी हात बसवतात, आणि विजेचा झटका बसला की तो अदृश्य होतो, दिसतो फक्त पोलादी हात हवेत फिरताना. हेसुस ब्लास्को या स्पॅनिश चित्रकाराचं काम. शिवकाशीच्या मुत्तू कॉमिक्सने १९७२ ला तो तमिळमध्ये आणला, पुढे स्पायडर पण तमिळमध्ये आला, आणि तिथल्या दोन-तीन पिढ्यांचा तो अगदी घरचा झाला. इंग्लंडमध्ये लोक विसरले होते तेव्हा शिवकाशीत त्याच्या नवीन आवृत्त्या निघत होत्या, रिबेलियनचं पुस्तक २०२१ चं. जुनं कॉमिक नव्या वाचकापर्यंत कसं न्यायचं हे शिकायचं असेल तर मी म्हणेन लंडनच्या आधी शिवकाशीला जा. त्यांनी भाषा बोलीतली ठेवली, किंमत मुलाच्या खिशातली ठेवली, बास.

मराठीत आपल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' होतं, १९६४ ते १९९०, फँटम आणि मांड्रेक, म्हणजे मुख्यतः अमेरिकन माल, ब्रिटिश म्हणावा तर 'डेली मिरर'चा गार्थ. ते बंद झालं आणि मागे कोणी उभं राहिलं नाही.

अडचणी खऱ्या आहेत, मी स्वतः ड्रेडची सहा पानं मराठीत करून बघितली आहेत, छापण्यासाठी नाही, फक्त बघायला. इंग्रजी कॉमिकची अक्षरं सगळी कॅपिटल, एका उंचीची, फुग्यात विटांसारखी बसतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे जिथे त्यांच्या पाच ओळी तिथे आपल्या चारच, आणि फुगा मोठा केला की चित्र झाकतं. त्यात वाक्य दोन फुग्यांत तोडलेलं असतं, इंग्रजीत दुसऱ्या फुग्यात दणका येतो आणि मराठीत तिथे नुसतं "आहे" उरतं! मग वाक्यच नवीन रचावं लागतं. आवाजांना मात्र काही त्रास नाही, धडाम, सण्णकन, खण्ण, फट्, आपल्याकडे भरपूर आहेत. आणि ड्रेडचं ते प्रसिद्ध वाक्य मी "कायदा म्हणजे मी" केलं होतं, मग खोडून "मीच कायदा" केलं. पाच अक्षरं, फुग्यात मावतं, आणि तो माणूस तेवढंच बोलेल.

कोणी मराठी प्रकाशक हे वाचत असेल तर स्टील क्लॉपासून सुरुवात करा. काळं-पांढरं आहे, छपाई स्वस्त, आणि हवेत फिरणारा हात कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

"आजोबा रेल्वेत होते. माळ्यावर त्यांच्या ट्रंकेत 'लायन' आणि 'व्हॅलियंट'चे वीसेक अंक सापडले, काही फाटलेत. रद्दीत देणार होतो. ठेवू का?" (मिरज)

ठेवा! कृपा करून ठेवा. वर लिहिलंय तेच, मूळ चित्रं नसतात तेव्हा पुस्तकं अशाच अंकांवरून बनतात, आणि एखाद्या अंकाची चांगली प्रत मिळत नाही म्हणून काम अडून बसतं.

आधी ते ट्रंकेतून काढा पण उन्हात वाळवू नका, या कागदाला ऊन म्हणजे विष, सावलीत पंख्याखाली दोन दिवस. कसर असेल तर मऊ ब्रशने झाडा. लॅमिनेशन अजिबात नाही. आडवे ठेवा, उभे नाही, प्रत्येक अंकामागे साधा पांढरा पुठ्ठा. पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नका, मागून पाय सरळ करून हळू काढायच्या. तारखा आणि पानांची संख्या वहीत लिहा, मधली पानं आहेत का बघा, कारण तीच पहिली निसटतात. स्कॅन करणार असाल तर पान काळं-पांढरं असलं तरी रंगीत मोडवर करा आणि ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) खाली जाऊ नका, कागदाचा पिवळा आणि शाईचा काळा वेगळा काढायला तो रंगच उपयोगी पडतो. आजोबांनी कुठे पेन्सिलने काही लिहिलं असेल तर खोडू नका.

आणि जिथे फाटलंय तिथे चिकटपट्टी लावू नका. कोणीतरी आधीच लावलेली असेल तर ती काढायच्या भानगडीतही पडू नका, शाई तिच्याबरोबर निघून येते.